हिच्या अंगठीचा मळ

३ तारीख, सकाळ.
हॉस्पिटलात हिच्या बोटांना सूज. नर्सनं साबण लावून अंगठी काढली आणि पाकिटात घालून माझ्याकडे दिली. अंगठी सासूबाईंची, लाल खड्याची. शेवटच्या आजारात त्यांनी ती हिच्या बोटात घातली आणि माझ्याकडे बघत हिला म्हणाल्या, याच्या हाती देऊ नकोस. आज आली हाती.
ही म्हणाली, कपाटात ठेवा, आणि काही करू नका. काही करू नका, हे दोनदा म्हणाली.
अंगठी पार काळवंडलेली. ही कधी धूत नाही, फुंकर मारून फडक्यानं पुसते. तीस वर्षं पंप दुरुस्त केले मी, मळ मला बघवत नाही. ठरलं. ही घरी येईल तेव्हा अंगठी अशी पाहिजे की हिनं विचारावं, कोणाची हो ही.

३, दुपार.
लेकीला फोनवर सहज विचारलं. तिनं व्हिडिओ पाठवला. कोमट पाणी घ्या, सौम्य साबण घ्या, लहान मुलांचा ब्रश घ्या, खाली चाळणी धरा, आधी खडा हलतो का बघा. एवढ्या वेळात मी मोटर खोलून परत बसवतो. बंद केला. बाई फार बोलते.

४, सकाळ.
टूथपेस्ट आणि माझा जुना ब्रश. दहा मिनिटं दाबून घासली. चमकली. बारीक ओरखडे आलेत. येऊ देत, उजेड जास्त ठिकाणी लागेल.

५, सकाळी ९.
खड्यामागचा मळ ब्रशला दाद देईना. पातेल्यात सोडा टाकून उकळली. पाणी चहासारखं झालं. उरलेला मळ सुईनं कोरून काढला. खडा गाडीच्या मागच्या दिव्यासारखा पेटला. सातवी शिकलेल्या माणसानं केलं हे.

५, संध्याकाळ.
हिला म्हटलं, घरी आलीस की डोळे दिपतील. हिनं विचारलं, कपाटाची किल्ली कुठाय. म्हटलं, तू आराम कर.

६, सकाळी ७.
शेवटचं एकदा खळबळून घ्यावी म्हणून नळाखाली धरली. टिक असा आवाज आला. अंगठी हातात. खडा नाही. दात पडल्यासारखं भोक.
घाबरलो नाही. नळ बंद केला. लगेच नाही, पण केला.

६, सकाळी ११.
सिंकखालचा पाइप खोलला. हे तर माझंच काम. सापडलं ते असं: केस, शर्टाचं बटण, आणि एक वॉशर, जो लेकीनं हरवला म्हणून चार वर्षांपूर्वी मी तिला बोल बोल बोललो होतो. खडा नाही.
बसवताना पाइपचा नट तुटला. प्लास्टिकचा नट, त्याला मी काय करणार. सध्या खाली बादली लावलीय. तात्पुरती.

७, दुपार.
सोनाराकडे गेलो. त्यानं भिंग लावून बघितलं. म्हणाला, कोंदण झिजलंय, खडा कधीचाच सुटला होता, मळानं धरून ठेवला होता. विचारतो कसा, मळ काढला कोणी. म्हटलं, एक कारागीर आहे. म्हणाला, त्याला घरी बसवा. म्हटलं, रिटायरच आहे तो.
तसला खडा मिळवून बसवायला पंधरा दिवस म्हणे. काम टाळायची कला या लोकांकडून शिकावी. बघतो माझं मी.

८, सकाळ.
चांगली बातमी. डॉक्टर म्हणाले, रविवारी घरी न्या. गोळ्या पण निम्म्या बंद केल्या. पथ्य काय विचारलं, तर म्हणाले, आता पथ्य नको, आवडेल ते द्या. दोन महिने मीठ मोजून खाल्लं बिचारीनं. सगळं मोकळं केलं, म्हणजे बरीच झाली.
लेक बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला सर्दी झालीय. काढा घे म्हटलं, तर आणखीच नाक ओढायला लागली.

९, दुपार.
जुन्या सायकलचा लाल रिफ्लेक्टर फोडला. एक तुकडा कानशीनं गोल केला, कोंदणात चिकटवला. तिसऱ्या वेळी जमलं. पहिला तुकडा माझ्या अंगठ्याला चिकटला, तो अजून आहे. दोन हातांवरून कोणाला कळणार नाही. हिचा चष्मा हॉस्पिटलच्या पिशवीत असणार. ती पिशवी सावकाश उघडू.

१०, रविवार.
ही आली. पलंगावर बसवली, अंगठी दिली. चष्मा मागितलाच नाही. बोटानं खडा चाचपला, एकदाच. म्हणाली, सायकलचा ना.
मग सिंक, नट, सोनार, सगळं सांगून टाकलं. ही म्हणाली, अकरा वर्षं हलत होता खडा, म्हणून तर नुसती फुंकर मारायचे. म्हटलं, मग मला सांगायचं नाही का. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केला असता.
मी अंगठ्यावरचा तुकडा खरवडायला लागलो.
बोटात घातली तर निसटून चादरीवर पडली. आठवड्यापूर्वी हीच साबण लावून काढावी लागली होती. म्हटलं, सूज उतरली बघ. ही म्हणाली, हो, सूज उतरली.
मग म्हणाली, दोरा आणा. अंगठीला खालच्या बाजूनं गुंडाळला. सात वेढे. घाई केली नाही, ओढलं नाही. अंगठी बसली. लेक आत बादली रिकामी करत होती. फार वेळ करत होती.
ही म्हणाली, दोन दिवसांत परत सैल होईल.
म्हटलं, परत गुंडाळू. रीळ अख्खं आहे.