दुसरी सीडी

प्रिय वैशे,

काल अव्वा आली होती. तुझी आई घरी आली की मला आधी भीतीच वाटते, तिच्याशी बोलायचं काय? चहा झाल्यावर तिनं माझ्या मोबाईलकडे बोट दाखवलं आणि तुझा तो अर्धा राहिलेला सिनेमा लावून दे म्हणाली. इतक्या वर्षांनी! म्हणून लिहायला बसले.

आठवतं ना, आपल्या वाचनालयात सिनेमांचं कपाट आलं तेव्हाचं? एका सिनेमाच्या दोन सीड्या, आणि एका कार्डावर एकच सीडी, जास्त पोरांना मिळावी म्हणून. मग पहिली तुझ्या कार्डावर, दुसरी माझ्या. शनिवारी तुमच्या पुढच्या सोप्यात बसून पाहायचो. पहिली संपली की तू प्लेअर बंद करायचीस आणि पुढं काय होणार ते मला सांगायला लावायचीस. काय राग यायचा तुझा! माझं नेहमी चुकायचंच.

बारावीत तू आजारी पडलीस. रक्ताचं कसलंसं दुखणं, मला त्याचं नावही नीट घेता येत नव्हतं. त्या शेवटच्या सिनेमाची पहिली सीडी मी तुला आणून दिली, पण दुसरी मलकापूरचा एक मुलगा गावी घेऊन गेला होता. कॉलेज सुटलं की मी रोज वाचनालयात. काउंटरवरचे काका बिचारे नुसती मान हलवायचे. शेवटी त्यांच्याकडून पत्ता घेतला आणि एसटीनं मलकापूर गाठलं. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पोरी, समदी नरसोबाच्या वाडीला गेल्यात."

दत्ताच्या दर्शनाला गेलेल्यांवर रागवायचं तरी कसं? तिथंच पायरीवर बसून रडले.

तुला सांगितलं तर तू हसलीस. म्हणालीस, "मग शेवट तूच सांग की. मी ऐकतो." मी सांगितला. तुला पटला नाही. दुसरा सांगितला, तोही नाही. सिनेमातल्या सगळ्यांना बरं करून घरी आणून बसवलं, तेव्हा कुठं तुझं समाधान झालं आणि तुला झोप लागली. त्याच आठवड्यात तू गेलीस.

नंतर सीडी आली. काकांनी कार्ड न मागताच माझ्या हातात ठेवली. मी ती कुठं घेऊन जाणार होते, वैशे? थोडी तरी वाट बघायचीस की!

काल सिनेमा अर्ध्यावर आला तशी अव्वानं माझा हात धरला. "सुप्री, पोरीला शेवट कळला व्हता का?" खरा शेवट मीही आजवर पाहिलेला नाही. मी मोबाईल बंद केला.

ती म्हणेल त्या दिवशी पुन्हा लावीन. नको म्हणाली तर नाही लावणार. पण तिला एकटीला तो शेवट बघू देणार नाही, एवढं नक्की.

तुझी,
सुप्री