दसऱ्याचा नारळ कोणाच्या हाती

बाबा, एक विचारायचं आहे म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या खोलीला आता घरात सगळे माझंच ऑफिस म्हणतात. टेबल तेच आहे, त्यावर लॅपटॉप आहे. तीन देशांतले तीन लवाद पडद्यावर येऊन बसतात आणि मी इथे यवतमाळात पंख्याखाली उलटतपासण्या घेते. डोळ्यांची पार वाट लागली आहे. आई म्हणते, “कायले करून राह्यली वं हे सारं? कोर्टातले दावे संपले का?” कुठचे संपतात! आणि माझा दावाही शेवटी धुऱ्याचाच, शेताच्या बांधाचाच आहे, फक्त धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांऐवजी देश आहेत.

अशील मारेगावचा, सरकीच्या तेलाच्या धंद्यातला. इथलं सगळं विकून त्यानं परदेशात तेलाचा कारखाना टाकला. टाकला तेव्हा ती जमीन एका देशाची होती. मग पावसाळ्यात शेजारच्या देशाचं सैन्य आत शिरलं, त्यांनी ती आपली म्हणून जाहीर केली, आणि दिवाळीनंतर कारखान्याला त्यांचं कुलूप लागलं. जमीन खरी कोणाची हे जगानं अजून ठरवलेलं नाही, ठरवील असं वाटतही नाही. पण या शेजारच्या देशाचा आपल्या देशाशी करार आहे की एकमेकांच्या माणसांचे उद्योग आपापल्या हद्दीत सांभाळायचे. त्यावरच आमचा दावा आहे. आणि हे लोक बाहेर छाती ठोकून सांगतात की जमीन आमची, आणि लवादापुढे म्हणतात, तेव्हा तिथे आमचा ताबाच नव्हता, कोण्या स्थानिक टोळीनं कारखाना घेतला असेल. लबाडी तरी किती करावी माणसानं! ऐकून ऐकून मला आता रागही येत नाही, नुसती जांभई येते.

मला सारखी कळंबजवळची ती संत्र्याची बाग आठवते. शेतासाठी दोन चुलतभाऊ भांडत होते, आणि एकाकडून शेत मक्त्यानं घेऊन तिसऱ्याच माणसानं झाडं लावली होती. दुसऱ्यानं जोरजबरदस्तीनं शेत घेतलं आणि विहिरीची मोटार बंद करून टाकली. तुम्ही त्या तिसऱ्याचे वकील. बाग पाहायला तुम्ही मला सोबत नेलं होतं. उन्हानं जीव चाललेला. तो मोटार बंद करणारा मोठ्या अगत्यानं विहिरीचं पाणी घेऊन येतो, आणि तुम्ही हात जोडून नको म्हणता, स्कूटरला अडकवलेल्या कापडी छागलीतलं घरचं कोमट पाणी पिता. मला हसू आलं होतं. तुम्ही परतताना म्हणालात, “हसतं काहून? त्याच्या हातचं पाणी पेलो तं गाव म्हणन, वकिलानंच मालक ठरवून टाकला.” कोर्टात मात्र तुम्ही एवढंच मागितलंत की शेत कोणाचं हा वाद चालू द्या, पण आज विहीर ज्याच्या ताब्यात आहे त्यानं झाडांना पाणी सोडायचं. तसा हुकूम मिळाला. माझा सगळा युक्तिवाद तुमच्या त्या एका वाक्यावर उभा आहे, फक्त इंग्रजीत तो फार लांब होतो.

अडलं आहे ते ताब्याच्या पुराव्यावर. आणि पुरावा आहे, बाबा. एक फोटो. सैन्य आल्यावर कारखान्याचा मिस्त्री, तिथलाच माणूस, बायकापोरं घेऊन सीमेपलीकडे पळाला. जाताना किल्ल्या अशिलाच्या हातात देऊन म्हणाला, यांना मालक म्हणून आत घेऊ नका. अशिलानं शब्द दिला. मग दसरा आला. आपला माणूस, यंत्रांची पूजा केल्याशिवाय राहील कसा! पूजा चालू असताना त्या सैन्याचा नवा अधिकारी वर्दीत दारात येऊन उभा. यानं काय करावं? त्याला गंध लावलं आणि नारळ फोडायचा मान त्याला दिला. मागे फाटकावर त्यांचा झेंडा, पुढे नारळ फोडणारा अधिकारी आणि शेजारी हात जोडून आपला अशील. याहून चांगला पुरावा मला मागूनही मिळाला नसता.

अशील मागच्या आठवड्यात तुमच्याच खुर्चीसमोर बसून रडला. “बाई, दारात आलेल्या माणसाले मान देल्ला, बस. आपल्या इकडे देत नाहीत का? मिस्त्री पाह्यन तं काय म्हनन मले?” कारण मिस्त्रीही आमचा साक्षीदार आहे. उद्या त्याची साक्ष आहे, आणि फोटो दिला तर तो खोटा पाडायला समोरचा वकील उलटतपासणीत त्याच्यापुढे धरणारच. फोटो दिला नाही तर दावा बहुतेक गेला, आणि मारेगावला बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहणाऱ्या या माणसाला दुसरं काही उरलेलं नाही. मी हे सगळं समजावून सांगितलं. डोळे पुसत तो म्हणाला, “तुमीच ठरवा. तुमच्या बाबानं ठरवलं असतं तसं.”

झालं! म्हणजे ओझं पुन्हा माझ्याच डोक्यावर. तुम्ही काय ठरवलं असतं? तुम्हाला पाणी नको म्हणता येत होतं, कारण छागल घरून भरून आणलेली होती. हा बिचारा तिथे एकटा होता, त्याला कोण देणार होतं? असं मी तुमच्याशी भांडते आहे, आणि भांडताना मला कळतं आहे की मिस्त्रीलाही कोणी काही दिलेलं नाही. त्याच्याजवळ फक्त त्या माणसाचा शब्द होता. मला फार थकायला झालं आहे, बाबा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खोटं कशाला ठेवू. विचारायचं आहे म्हणून बसले असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. फोटो मी आज सकाळीच लवादाकडे पाठवून दिला. मिस्त्रीला अजून कोणी सांगितलेलं नाही.