कटलेटातली कपची

सोमवार, दुपार

धाकटे,

आशीर्वाद. पण राग गेला असं समजू नकोस. चार माणसांत "ताई, तू हल्ली निष्काळजी झालीस" म्हणालीस आणि नातवाला काखेत मारून चालती झालीस. कटलेटातली कपची त्याच्या घशात अडकली ती मी काय मुद्दाम घातली होती? खानावळीत वीस वर्षं खेकडे सोललेत मी. कुणाच्या दाताखाली कवच आलं नाही. तुला सहा खेकडे सोलायला दिले तर दिवस मावळतो, आणि तू मला शिकवणार.

पोराचा घसा कसा आहे? हे आधी विचारायला हवं होतं.

फोन करू नकोस. सूनबाई उचलते, मग सगळ्या घराला कळतं.

तर रविवारचं ऐक. खेकडे उकडले, नांग्या लाटण्यानं फोडल्या, मांस ताटात पसरलं. मग डोळे मिटून बोटांनी तीनदा चाचपलं, आईनं शिकवलं तसं. पांढऱ्यात पांढरी कपची डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. तीनदा चाचपलं, काही लागलं नाही. म्हटलं, आज खेकडे गुणाचे निघाले.

डोळे उघडले तर ताटात लाल. वाटलं तिखट सांडलं. मग बोट बघितलं. चांगलं खोल चिरलं होतं आणि मला पत्ता नाही.

लाल झालं तेवढं काढून टाकलं. बाकीच्यात पावाचा चुरा, अंडं, मिरी घातली आणि तळलं. सगळंच टाकायला हवं होतं, तेव्हाच कळत होतं मला. पण तुम्ही बाहेर ताटं घेऊन बसलेले. टाकलं असतं तर का टाकलं ते सांगावं लागलं असतं.

दोन महिने झाले. आधी करंगळी, मग शेजारचं, आता चार बोटं. तव्याचा चटका कळत नाही, फोड आला की दिसतो. घरात बोलले नाही. बोलून काय, सूनबाई हातातली पळी काढून घेईल आणि कोपऱ्यात बसवेल.

आईचं पण हातातून सुई पडण्यापासूनच सुरू झालं ना? मला नीट ठाऊक नाही. तिची तीन वर्षं तू काढलीस, भरवण्यापासून सगळी. मी दोनदा आले. दुसऱ्यांदा तिच्या हातून कप पडला तेव्हा मी म्हटलं, सोंग पुरे. तू ऐकलंस. आई नुसती हाताकडे बघत राहिली. हल्ली मी तशी बघते.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरकडे नंबर लावलाय. घरी दात दाखवायचाय म्हणून सांगितलंय. तो विचारणार, घरात कुणाला होतं का. कुठल्या बोटापासून सुरू झालं आणि बोटापासून खाटेपर्यंत किती दिवस गेले, तेवढं लिही. गोड करून लिहू नकोस, तुला जमतही नाही.

अक्षर वाकडं आलंय. शाळा चौथीच, पण इतकं वाकडं कधी नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारपर्यंत तुझं पत्र हातात पाहिजे. नाही आलं तर मी डॉक्टरकडे जायची नाही, सांगून ठेवते.

सोंग नाही हे.

तुझी ताई