किराईताची शेवटची पुडी

५ नोव्हेंबर
श्रिया आली होती. पाने चालली नाहीत!
हे गच्चीवरच्या पिंपांत कडू किराईत लावत, तिच्या डोंबिवलीच्या प्रयोगशाळेसाठी. हिवतापाची जुनी गोळी आता जंतूंना पुरी पडत नाही. किराईताचा अर्क सोबत दिला की बशीतले जंतू पुन्हा मरतात. गेल्या वर्षी तीनदा मेले. ह्यांनी मलेरिया खात्यात तीस वर्षे तीच गोळी घरोघर वाटली. ती निकामी झाली हे त्यांना फार लागले होते.
ह्यांना जाऊन तीन महिने झाले. श्रियाने त्याच पिंपांतली पाने काढली.
“काकू, काकांच्या वहीत आहे तस्संच केलं. गच्चीवर, उन्हात, तीन दिवस.”
मी चहा ठेवायला उठले.

६ नोव्हेंबर
उन्हात! हे सकाळी पाने पसरून टेंभी नाक्यावर मित्रांकडे जात. कबुतरे घाण करीत, म्हणून मी सगळी खाली आणून खाटेखाली पसरायची. चारला हे यायच्या आत परत वर. एकदाही लवकर आले नाहीत, नशीब माझे.
“बघ, कोपरीचं ऊन कसं कडक!” म्हणायचे. मी हो म्हणायची. उगाच हिरमोड कशाला?
आता वही खोटी ठरवू? श्रियाच्या प्रबंधात पहिल्याच पानावर ह्यांचे नाव येणार आहे.

७ नोव्हेंबर
कपाटातली किराईताची पुडी काढून पाहिली, ह्यांनी बांधलेली शेवटची. दोरा तसाच. वर ह्यांचे अक्षर. “ही श्रियाला दे,” म्हणाले होते. देववली नाही.

९ नोव्हेंबर
श्रियाचे सर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत जमले तर ठीक, नाहीतर किराईत सोड.
“काकांना काय सांगू मी?” फोनवर रडवेली झाली होती. गेलेल्या माणसाला काय सांगू म्हणते! ह्यांच्या आजारपणात डोंबिवलीहून डबा आणायची. पोटच्या पोरीने तरी आणखी काय केले असते?
बोलावले. सगळे सांगितले.
श्रिया म्हणाली, “म्हणजे तुम्ही तीन मजले? रोज? त्या गुडघ्यांनी?” हसता हसता डोळे पुसले तिने. “वहीत काही खोडायचं नाही, काकू. खाली दुरुस्ती लिहू, तुमच्या नावानं.”
पिंपांत उरलेली पाने काढून दोघींनी खाटेखाली पसरली. किती दिवसांनी घरात तो कडवट वास आला.

१२ नोव्हेंबर
पाने वाळली. हिरवी राहिली आहेत.

२३ नोव्हेंबर
मेले जंतू!! श्रिया फोनवर नुसती ओरडत होती. देवापुढे गूळ ठेवला. ह्यांच्या फोटोपुढेही.
आणखी दोनदा करून बघायचे आहे, गेल्या वर्षीच्या पानांशी ताडूनही. “काकांची एखादी पुडी राहिली असती तर...”
राहिली आहे म्हटले. उद्या ये.

२४ नोव्हेंबर
पुडी श्रियानेच सोडली. आत चिठ्ठी होती.
“श्रिया, वहीत चूक आहे. ऊन नव्हे, सावली. हेमा रोज पाने खाली नेते. मला ठाऊक आहे हे तिला सांगू नकोस, ओशाळेल.”
म्हणून हे कधी चारच्या आधी आले नाहीत.