देवक बसेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, मुलीचं लग्न मेमध्ये नको, आत्ताच उरका. बायकोनं, विनितानं विचारलं, "मला बसता येईल ना हो तोवर?" ते हो म्हणाले — पण फाईलकडे बघत.

पनवेलहून येताना ती गाडीत झोपली होती, की झोपेचं सोंग, देव जाणे. चौक गावाजवळ गाडी बाजूला घेतली आणि रडून घेतलं. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. म्हणजे जागीच होती!

४ फेब्रुवारी

नवीनच्या, होणाऱ्या जावयाच्या, घरचे खालापूरहून लगेच आले. सासरची माणसं भली आहेत, प्रियाचं नशीब. तेवीस तारीख धरली, रविवार. जनाआत्या कपाळाला हात लावून बसली. "जग्या, लगीन हाय का टपाल?" म्हटलं, आत्ये, ऑफिसात मी याहून मोठी कामं याहून कमी दिवसांत काढतो. नीट वाटून दिलं की कुठलंही काम होतं.

विनितानं प्रियाला नवरी झालेलं बघायचं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

६ फेब्रुवारी

ओटीवरची भिंत घेतली. तीन रकाने — करायचंय, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. एकानं एका वेळी एकच चिठ्ठी घ्यायची, ती 'झालं'मध्ये नेली की मगच दुसरी. आणि रोज सकाळी सगळ्यांनी भिंतीसमोर उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या — काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. ऑफिसात असंच चालतं.

नामादादा, माझा थोरला चुलतभाऊ, पहिल्याच दिवशी बिथरला. "उभं कशाला करतंस रं? मी काय शाळेत हाय?"

"बसलं की मीटिंग लांबते, दादा."

"मंग लांबूदे की! चाय तरी व्हईल."

आणि बसला पायरीवर. सगळे हसले. मला राग आला, खरं तर.

८ फेब्रुवारी

चुन्याच्या भिंतीवर चिठ्ठ्या टिकेनात. पंखा लावला की मांडवाची चिठ्ठी आचाऱ्याच्या चिठ्ठीवर! शेवटी चंद्रावहिनीनं, दादाच्या बायकोनं, टिकल्यांचं पाकीट आणलं. आता प्रत्येक चिठ्ठीला लाल टिकली आहे. कंपनीत कुणाला फोटो दाखवायची सोय नाही.

१० फेब्रुवारी

भांडण. मुहूर्तमेढ आणायची चिठ्ठी मी रूपेशला दिली — दादाचा मुलगा, त्या दिवशी मोकळा होता म्हणून. दादा जेवला नाही. घरात तोंड फिरवून निजला. मला कळेच ना, काय गुन्हा केला! भावकीत कुणाचंही लग्न असो, मेढ नामादादाच आणतो. मी पण लहानपणापासून बघत आलोय. पण चिठ्ठी लिहिताना डोक्यात फक्त 'कोण रिकामं आहे' एवढंच.

वहिनी म्हणाली, "काम कुनीबी करंल भावजी. मान कुनाचा, त्ये इचारावं लागतं."

गेलो, पाया पडलो. दादा उठला, चिठ्ठी घेतली, आणि जाता जाता म्हणाला, "टिकली लावून देतंस, आनि इचारत नाय!"

१३ फेब्रुवारी

कामं धावतायत! मांडवाचं सामान आलं, दहिवलीच्या आचाऱ्यानं तारीख दिली, पत्रिका वाटून संपल्या. मी सांगायच्या आधीच माणसं 'झालं'मध्ये चिठ्ठ्या नेतायत. दादा रोज पायरीवर बसून सगळ्यांची उलटतपासणी घेतो, माझ्यापेक्षा कडक.

विनिताची खाट खिडकीशी सरकवली, तिला मीटिंग ऐकायची असते. म्हणाली, मला पण चिठ्ठी द्या. दिली — 'नवरीचा शालू निवडणे'. आज मी विचारलं, "विनिता, कुठं अडलंय?" तर आतून म्हणाली, "घास गिळायला अडतंय, बाकी झोकात!" ती एकटीच हसली. प्रिया उठून मागच्या दारी गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

मांडव घालताना दादाला धाप लागली. बांबू हातातच, आणि खाली बसला. कर्जतच्या दवाखान्यात म्हणाले, पनवेलला न्या. नेलं. आयसीयूत आहे. वहिनी आणि रूपेश तिकडे.

१७ फेब्रुवारी

सकाळी पायरी रिकामी. जे सगळ्यांच्या मनात होतं ते शेवटी जनाआत्यानंच काढलं. "नाम्याचं काय बरंवायट झालं, तर दहा दिस सुतक. लगीन व्हायचं नाय."

दहा दिवस! आणि पुढचा मुहूर्त केव्हा? विनिता काल दोन चमचे पेजेवर होती. तिच्याकडे तेवढे दिवस नाहीत, हे मला माहीत आहे, तिलाही.

जुनी माणसं तारीख काढताना आधी बघतात म्हणे, भावकीत कोण आजारी आहे. माझ्या भिंतीवर वाजंत्रीपासून विड्याच्या पानांपर्यंत सगळं आहे. ही एक गोष्ट नाही.

दुपारी पनवेलला गेलो. काचेतून दादा दिसला. हात जोडले आणि म्हटलं, देवा, रविवारपर्यंत राहू दे. रविवारपर्यंत! तो बरा होऊ दे असं आलंच नाही तोंडात. ज्यानं मला उल्हास नदीत पोहायला शिकवलं त्याच्यासाठी मी असं मागितलं. थू माझ्या जिनगानीवर.

१८ फेब्रुवारी

आत्यानंच वाट काढली. एकदा देवक बसलं की मग सुतक लागत नाही. मग मीटिंग घेतली. देवक आणि हळद शनिवारऐवजी गुरुवारी. लग्न रविवारीच. भटजी म्हणाले, गुरुवार चालेल. ज्यांची कामं उरली होती त्यांनी आपापल्या चिठ्ठ्या उचलल्या, निघाले. का आणि कशासाठी — कुणी एका शब्दानं विचारलं नाही. एवढी चांगली मीटिंग मी नोकरीत कधी घेतली नाही, आणि एवढी लाज कधी वाटली नाही.

वहिनीला फोन केला. नुसती दादाची तब्येत विचारली. आत्यानं आधीच कळवलं असावं. तीच म्हणाली, "गुरवारीच बसवा भावजी. मी येते. हळदीला मी नको व्हय?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

देवक बसलं! हळद लागली!

वहिनी सकाळी पनवेलहून रिक्षा बदलत बदलत आली. आधी घरी जाऊन अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून इकडे. सगळे उभे होतो. मी विचारलं, दादा कसा आहे? "बरे हायेत. चाय मागत व्हते." हुश्श झालं सगळ्यांना. आत्या म्हणाली, "चाय मागतो म्हंजे ठणठणीत!" वहिनी आत विनिताकडे गेली, दार लोटून घेतलं. जावाजावांचं काय बोलणं असेल ते. भटजी घाई करायला लागले तेव्हा आली बाहेर.

देवक बसल्यावर विनिताला खुर्चीसकट मांडवात आणलं. पाच सवाष्णी हळद लावणार होत्या. पहिली कोण, यावर बायकांची कुजबुज. विनिता म्हणाली, "चंद्राताई लावतील." वहिनीनं हळदीची वाटी उचलली, परत खाली ठेवली. प्रवास, जागरण. प्रियाच्या गालाला हळद लावली आणि तिला पोटाशी धरून ढसाढसा रडली. सगळ्याच रडल्या. हळदीला रडतातच.

जेवणं उरकत होती तेव्हा रूपेशचा फोन — बाबा गेले.

आधी काय वाटलं ते लिहितो, इथं कुणाला दिसतंय. सुटलो, असं वाटलं. देवक बसलं होतं. मी मोठ्यानं म्हणालो सुद्धा, "जातानाही दादानं आपलं काम तडीस नेलं!" माणसांनी माना डोलावल्या. मग मात्र दादाच्या पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

संध्याकाळी गावच्या स्मशानात दिलं त्याला. मांडवाचे उरलेले बांबू तिरडीला घेतले.

२१ फेब्रुवारी

भिंतीकडे कुणी बघत नाही. कामं आपोआप होतायत.

२३ फेब्रुवारी, रविवार

लग्न झालं. बँड नाही, फटाके नाहीत. विनिता मंगलाष्टकं संपेपर्यंत बसली, ताठ. अक्षता तिनं स्वतः टाकल्या, एक पण नवरीपर्यंत पोचली नाही. तिच्या तोंडावर आज जे होतं ते मला आयुष्यभर पुरवायचंय.

निघताना प्रिया वहिनीच्या दारी गेली. वहिनी बाहेर आली नाही. मोकळं कपाळ घेऊन नवरीसमोर कशी येऊ, म्हणाली आतूनच. पोरीनं उंबऱ्याला हात लावला आणि गाडीत बसली.

२५ फेब्रुवारी

भिंत साफ केली. ऑफिसात काम संपलं की शेवटची एक मीटिंग असते — काय बरं झालं, काय चुकलं. इथं कुणाला बोलावू?

विनिता दिवसभर झोपून. पेज नको म्हणते.

२८ फेब्रुवारी

रूपेश आज भडाभडा बोलला. "काका, बाबा गुरवारी पहाटंच गेले. आई म्हनाली, देवक बसूदे, मंग फोन कर." विनिताला हे सांगावं की नाही, कळेना. तिच्याजवळ जाऊन नुसता बसलो. तिनंच डोळे उघडले. म्हणाली, "चंद्राताईंचं कळलं वाटतं. मला त्यांनी तेव्हाच आत येऊन सांगितलं होतं. म्हणाल्या, आता माझा हात नको हळदीला. मीच म्हटलं — ताई, पहिला हात तुमचाच."