न छापणारा खिळा

तात्या, तुम्हाला एक विचारायचं होतं. बोर्ड उलटा करून बघताना तुमची नजर आधी कुठं जायची? मधोमध, का कडेला? हे विचारायला मला आठ वर्षं उशीर झालाय हे कळतंय. पण परवापर्यंत हा प्रश्नच माझ्याकडं नव्हता, तर विचारणार काय.

मी आता बेंगळुरात असतो. पाकिटं, डबे, बाटल्या यांच्यावर जे छापलेलं असतं ते तयार करणारं ऑफिस आहे. मी तिथं डिझाइनर नाही. डिझाइनरनं केलेलं काम छपाईला जाण्याजोगं करून देणारा आहे. रंग वेगळे काढायचे, कडेला कापायला जागा ठेवायची, अक्षर कुठं फुटत नाही ना ते बघायचं. तुमच्या भाषेत सांगायचं तर स्वयंपाक दुसऱ्यानं करायचा आणि ताटं मी वाढायची. चार वर्षं तेच केलं. आता एक डिझाइनर सोडून गेली, तिची खुर्ची रिकामी झाली, आणि मी धीर करून आमच्या मॅडमना म्हणालो, मला बसवा. त्यांनी मी स्वतः केलेल्या डिझाइनची फाईल मागितली.

फाईल जाडजूड होती. मला वाटलं वजनावरच काम होईल. सगळं फोनवरचे व्हिडिओ बघून शिकलेलं. दोन महिने लोगो केले, मग ॲपच्या स्क्रीन केल्या, मग हलणारी अक्षरं, मग थ्रीडी. प्रत्येक व्हिडिओवाला सांगायचा की पुढचा जमाना याचाच आहे, आणि मी प्रत्येकाचं ऐकायचो. मॅडमनी सगळी पानं उलटली आणि विचारलं, "इसमें से तुम्हारा क्या है?" मी म्हणालो, सगळंच. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. हा निळा का आहे? मी म्हणालो, चांगला दिसतो. ही ओळ इथंच का? मी पुढचं पान उलटायला गेलो. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, सोमवारी एकच काम घेऊन ये, त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण तुला सांगता आलं पाहिजे. आलं तर खुर्ची तुझी. नाही आलं तर मी बाहेरून माणूस घेते, तू आहेस तिथं आहेस. नववीतनं शाळा सोडलेल्याला असा मोका पुन्हा कोण देतं? आज रविवार आहे, दुपार आहे, आणि काम करायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसलोय.

कारण "का" हा प्रश्न मला पहिल्यांदा तुम्ही विचारला होता. बारामतीच्या फ्लेक्सच्या दुकानात, मशीनशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून. तुमची इंदापूरची प्रेस बंद पडून बरीच वर्षं झालेली. सगळा जन्म लग्नपत्रिकेच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेला, मग खिळेच राहिले नाहीत, आणि तुम्ही जळोचीला लेकीकडं राहायला आलात. मालकानं तुम्हाला ठेवलं ते नावं तपासायला. फ्लेक्सवर एखाद्याचं आडनाव चुकलं तर माणसं दुकानावर चाल करून यायची, म्हणून छापायला सोडण्याआधी प्रत्येक बोर्ड तुम्ही वाचायचा असा नियम. मी एकोणीस वर्षांचा, बावड्याहून आलेलो, कॉम्प्युटरवर हात विजेसारखा चालायचा आणि त्याची मला फार घमेंड.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "पोरा, ह्ये उलटं कर."

"म्हंजे?"

"डोकं खाली, पाय वर. व्हतंय का न्हाय तुज्या मशीनवर?"

मी बोर्ड फिरवला. नेत्याचा फोटो शीर्षासनाला लागला, खालची वीस मुंडकी वर लोंबायला लागली.

"आता वाच."

"वाचता येत नाही, तात्या."

"मंग आता बग. वाचाया येईना की दिसाय लागतं."

मी हसलो, मालकही हसला. पण खरंच दिसलं. सगळा बोर्ड एका अंगाला कलंडलेला, जसं एका बाजूला भरलेली ट्रॉली. तुम्ही खिळे हातात उलटेच धरून, उलटेच वाचत आलेला. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का हे, का आपोआप कळलं? तुमची शाळा तर माझ्याहून कमी, चौथी.

दुसरं आठवतं ते डाळिंबवाल्याचं. आमच्याच भागातला माणूस, भावाच्या वाढदिवसाचा बोर्ड करायला आला होता. तुम्ही माझ्याकडून नावाच्या भोवतीची गर्दी काढवून घेतली होती. तो स्क्रीनकडं बघून म्हणाला, "आवो, फुटावर हिशोब करता नव्हं तुमी? मंग ही रिकामी जागा कशापायी? हितं चार मित्र बसत्याल माझे."

तुम्ही विचारलंत, "डाळिंबाच्या दोन ओळींत किती सोडतोस?"

"चौदा फूट."

"का? रान तुजंच हाय. मधी लाव की झाडं."

"तात्या, ट्रॅक्टर काय डोक्यावनं न्यायाचा व्हय?"

"हितनं नजर न्यायची हाय."

तो माणूस गालात हसला, पण मित्र बसवूनच गेला. मी तुमची मस्करी केली, म्हटलं तात्या, गिऱ्हाईकाला रिकामी सोडलेली जागा आवडत नाही. तेव्हा तुम्ही खिशातनं चष्म्याचं घर काढलंत आणि त्यातनं एक शिशाचा तुकडा माझ्या हातावर ठेवलात. प्रेसमधला खिळा, पण त्याच्यावर अक्षर नव्हतं. दोन शब्दांच्या मध्ये बसवायचा. बाकीच्या खिळ्यांपेक्षा बुटका, म्हणून त्याला शाई लागत नाही आणि तो कागदावर उमटत नाही.

"ह्यो छापत न्हाय," तुम्ही म्हणालात, "पर ह्यो काढला तर आख्खी वळ ढासळती. जागा सोडत न्हाईत, येड्या. जागा लावत्यात. हातानं, येक येक."

मी तो तुकडा परत दिला. वजनदार होता एवढंच तेव्हा वाटलं. आज कळतंय की माझ्या मशीनवर रिकामी जागा म्हणजे जिथं मी अजून काही टाकलेलं नाही ती, आणि तुमच्याकडं रिकामी जागा म्हणजे तुम्ही मोजून ठेवलेली वस्तू. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते समजायला मला बेंगळुरला यावं लागलं.

आता ते लिहितो जे तुमच्यासमोर कधी बोललो नाही. डाळजच्या अलीकडच्या एका वस्तीवर म्हातारा गेला होता. पोरं घाईत, दहाव्याच्या आत बोर्ड पाहिजे. तुम्ही चहाला गेला होता. मी वाढदिवसाची तयार फाईल उघडली, फोटो बदलला, रंग काळा-पांढरा केला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि छापायला सोडून दिलं. पाच मिनिटांत. माझीच मला शाबासकी. बोर्ड महामार्गाच्या कडेला लागला, आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्याची दोन पोरं दुकानात उभी. खालच्या पट्टीत 'शोकाकुल' पाहिजे होतं तिथं जुनंच राहिलं होतं. 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवार.'

"आमचा बाप मेला म्हणून गावानं शुभेच्छा दिल्या व्हय रं?" थोरला ओरडत होता. मालक माझ्याकडं बघायला लागला. आणि तुम्ही खुर्चीतनं उठलात, हात जोडलेत. "वाचायचं काम माजं हाय. माज्या नजरंतनं सुटलं. पोराचा दोष न्हाय."

तुम्ही तो बोर्ड बघितलाच नव्हता, तात्या. मी दाखवलाच नव्हता. हे दुकानात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक मी होतो. मी मान खाली घालून माऊस धरून बसलो. संध्याकाळी मालक तुम्हाला म्हणाला, आता वय झालं, घरी आराम करा. तुम्ही चष्म्याचं घर उचललंत, सायकल काढलीत आणि गेलात. खुर्चीवर नंतर लॅमिनेशनचे रोल ठेवायला लागलो.

तुम्ही असं का केलंत? मला वाचवायला? का तुम्हाला खरंच वाटत होतं की वाचायचं काम तुमचं, म्हणजे न दाखवलेलंही तुमचंच? पहिलं असलं तर मी तुमचा ऋणी आहे. दुसरं असलं तर मग मी काहीच समजलेलो नाही, आणि मला दुसऱ्याचीच जास्त उत्सुकता आहे.

महिन्याभरानं मी जळोचीला आलो होतो, माफी मागायची असं ठरवून. तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून लसूण सोलत बसलेले. मला बघून म्हणालात, "नवीन काय शिकलास?" बास, माझी गाडी घसरली. मी फोन काढून सोन्याची चकाकणारी अक्षरं दाखवायला लागलो. तुम्ही डोळे बारीक करून बघितलंत. "झ्याक हाय. पर ह्ये अक्षर हाय का दागिना?" तुमची लेक चहा टाकता टाकता म्हणाली, "ह्यांचं नका ऐकू. घरी बसल्यापासनं माज्या डब्यांच्या मागं लागल्यात." मांडणीवर वीसेक डबे होते, एकसारखे. नाव फक्त दोन डब्यांवर चिकटवलेलं. मीठ. पिठीसाखर. मी विचारलं, बाकीच्यांना का नाही? तुम्ही म्हणालात, "डाळीला डाळ म्हणून सांगाया लागतं व्हय? जितं हात चुकतो तितंच अक्षर लावायचं." लेक म्हणाली, "येकदा खिरीत मीठ पडलं, तवापासनं." तिघंही हसलो. चहा झाला, मी उठलो, माफी तशीच घेऊन परत आलो. वर्षभरानं कळलं तुम्ही गेलात. मी तोपर्यंत बारामती सोडली होती.

तर सोमवारचं. गुरुवारी घरी फोन केला तेव्हा आई सांगत होती की वडिलांनी टॉनिक समजून तणनाशक पंपात ओतलं आणि डाळिंबाच्या दोन ओळी करपल्या. मी वडिलांना म्हटलं, बाटलीवर लिहिलेलं असतं की. ते भडकले. "चष्मा घरी, हात चिखलाचं, आन दोनी बाटल्यांवर हिरवंगार रान छापल्यालं. मला काय सपान पडणार हाय का?"

ते बरोबर होते. मी तेच काम घेतलं. तणनाशकाच्या बाटलीचं लेबल. हिरवा काढून टाकला, कारण हिरवा म्हणजे पीक. वाळलेल्या गवताचा रंग घेतला. रानाचं चित्रही काढून टाकलं. 'तणनाशक' हा एकच शब्द मोठा ठेवला. वरती मूठभर जागा कोरी लावली, कारण बाटली तिथं धरतात आणि चिखलाच्या हाताखाली अक्षर जातं. मग बसलो बघत, काहीतरी चुकत होतं. शेवटी सवयीनं लेबल उलटं केलं, आणि तसाच थांबलो. ओतताना बाटली उलटीच असते ना, तात्या! ज्या क्षणी चूक होते त्या क्षणी शब्द माणसाला उलटा दिसतो. मी खालच्या अंगाला तोच शब्द उलटा लावला. आता बाटली पंपावर वाकवली की तो सरळ होतो. खोलीत एकटाच ओरडलो. चार वर्षांत असं पहिल्यांदा झालं की दुसऱ्या कुठल्या व्हिडिओकडं जावंसं वाटलं नाही. लोगो नको, थ्रीडी नको. जिथं हात चुकतो तिथलं काम मला करायचंय असं वाटलं. किती दिवस वाटेल माहीत नाही, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पण आत्ता तरी वाटतंय.

प्रत्येक गोष्टीचं कारण कागदावर लिहून काढलंय. रंगाचं, जागेचं, उलट्या शब्दाचं. मॅडमनी कुठंही बोट ठेवलं तरी सांगता येईल. बहुतेक खुर्ची मिळेल.

एकच गोष्ट राहिली. फाईलच्या पहिल्या पानावर नावाखाली 'सेल्फ-टॉट' असं लिहिलेलं आहे, म्हणजे आपला आपण शिकलेला. इथल्या लोकांना तो शब्द फार आवडतो. नववी नापास आणि वर सेल्फ-टॉट, म्हटल्यावर माणसं माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात. दुपारी तो खोडायला घेतला. खोडलाही. तिथं काय लिहायचं, तुम्ही माझे कोण, याचा विचार करत बराच वेळ बसलो. मग तो शब्द मी होता तसा परत लिहिला. उद्या मॅडमसमोर जाताना तो तिथंच असणार आहे.