जमुनाच्या माश्या

१२ जुलै
जमुनाला खाज आहे. आयाळीखाली आणि शेपटीच्या बुडाशी. दिवसभर गोठ्याच्या खांबाला अंग घासते. खांब सागाचा आहे, टिकेल.
कारण माश्या आणि चिलटे. प्रश्न साधा आहे. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. नदी अडवली, माशी काय. पंधरवड्यात निकाल.
नोंद: घोडी सोबत म्हणून घेतलेली नाही. व्यायामासाठी घेतली आहे. अजून बसलेलो नाही.

१३ जुलै
अकोल्याहून साधनाचा फोन. पौर्णिमाची रजा संपली, नातीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून ती जूनपासून लेकीकडे आहे. मलाही बोलावले होते. शेत सोडून कसा येऊ, असे मी म्हणालो होतो. शेत बटईने दिलेले आहे ही गोष्ट वेगळी.
घोडी घेतल्याचे आज सांगितले. तिने नाव विचारले. म्हटले, जमुना, विकणाऱ्यानेच ठेवलेले आहे. ती म्हणाली, अवो, जमुना तं माह्या मोठ्या जावेचं नाव हाय, त्याइले कळलं तं काय म्हनतीन?
वहिनींचे नाव जमुना आहे हे लक्षात नव्हते. आपण वहिनी म्हणतो.
मंग कवा येता, असे विचारले. म्हटले, खाज गेली की लगेच.

१८ जुलै
तिवशाहून जनावरांच्या डॉक्टर आरती मॅडम स्कूटीवर आल्या. आयाळ उचलून पाहिली. चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी आहे म्हणाल्या. दिवस उगवताना आणि मावळताना आत बांधा. शेणाचा ढीग लांब न्या. डबके बुजवा. अंगावर पातळ कापड घाला. पंखा लावा, वाऱ्यात चिलट बसत नाही. कडुनिंबाचे तेल खोबरेल तेलात पातळ करून लावा, तेही आधी एका जागी लावून पाहा. गोळ्या दिल्या.
निघताना विचारले, एकटीच आहे का ही? म्हटले, नाही, मी असतो ना.
त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. तरुण आहेत. अनुभव कमी.

२० जुलै
तेल पातळ करणे मला पटत नाही. सिमेंटमध्ये रेती वाढवणारे कंत्राटदार आयुष्यभर पाहिले. निव्वळ तेल लावले, संपूर्ण पाठीला. दुपारी चांगले ऊन पडले.

२२ जुलै
पाठीवरचे केस गेले. कातडी सुटते आहे. म्हणजे औषध आत पोचते आहे.
मॅडमना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, धुवा ते, आत्ता. धुतले. जमुनाने माझ्या मांडीवर लाथ मारली. मुद्दाम नसावी.

२ ऑगस्ट
डबक्यासाठी चर खोदला. उतार नजरेने काढला. माझ्या नजरेवर खात्याने कालवे काढले आहेत.

३ ऑगस्ट
रात्री पाऊस. डबक्यातले सगळे पाणी गोठ्यात आले. चराचा उतार बरोबर आहे. गोठा चुकीच्या जागी आहे.

७ ऑगस्ट
झोपायच्या खोलीतला उभा पंखा गोठ्यात नेऊन खांबाला बांधला. जमुना पंख्यासमोर डोळे मिटून उभी राहते. मला पंख्याची सवय नाहीच. साधनाला लागतो.
पलंगावरची मच्छरदाणीही काढली. दोघांच्या पलंगाची आहे, घोडीला पुरते. शिवून बंद लावले.

८ ऑगस्ट
मच्छरदाणी जमुनाने खाल्ली. सगळी नाही.
मला रात्री डास फार चावले. हा वेगळा विषय आहे.

१० ऑगस्ट
कपाटात साधनाच्या तीन सुती साड्या आहेत. खालच्या कप्प्यात, घडी घालून. यावरून काय ते समजते. ज्याला परत यायचे नाही ते माणूस साड्या ठेवून जात नाही. मी हे कोणाला बोललो नाही. बोलण्याची गरज नाही.
पैकी हिरवी घेतली. पाठ, मान, पोट व्यवस्थित झाकते. पदर शेपटीच्या बुडाशी येतो. दोन्ही काठ पोटाखाली बांधले. मोजमाप असे बसले की वाटले, यासाठीच होती.
महालक्ष्म्यांना साधना येईलच. तोवर धुऊन इस्त्री करून ठेवीन.

२२ ऑगस्ट
पोळा. गावाच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत जमुनालाही नेले. तिला चार लोकांत मिसळणे आवश्यक आहे. संध्याकाळची वेळ, चिलटांची. साडी काढली नाही.
पुंजाजी बँडवाला समोरच उभा होता. लग्नांत नवरदेवाची घोडी तोच पुरवतो. मोठ्याने म्हणाला, कावो इंजिनेरसाहेब, वयनी आल्या वाट्टे अकोल्याहून! लोक हसले. बैलवालेही हसले. एक बैल उधळला.
मी शांतपणे कीटकजन्य त्वचारोगाची माहिती दिली. कोणी थांबले नाही.

२३ ऑगस्ट
सकाळीच साधनाचा फोन. पुंजाजीची सून तिच्या भजनी मंडळातली. तिने रात्रीच कळवले.
साधना म्हणाली, तुमी माही साडी घोडीले नेसवली म्हने. म्हटले, नेसवली नाही, पांघरली. म्हणाली, गावभर फिरवली. म्हटले, तोरणापर्यंतच. मग मी म्हणालो की काळजी करू नये, धुऊन जशीच्या तशी ठेवतो, ती आली की हाती देतो.
ती म्हणाली, ठेवू नोका बाप्पा. फाटक्या होत्या त्या तिन्ही. भांडेवालीले द्याले काढल्या होत्या, निंगताना राहून गेल्या.
मी म्हटले, असं होय.
नंतर तिने जेवण झाले का विचारले. झाले होते.

२९ ऑगस्ट
महालक्ष्म्यांची तयारी. मखर काढले, पुसले. मुखवट्यांची पेटी उघडली. आत लाल कापड आहे. मुखवटे नाहीत.
जूनमध्येच नेले असावेत. पॉलिशला. अकोल्यात पॉलिश चांगले होते.

१ सप्टेंबर
पौर्णिमाने फोनवर फोटो पाठवला. तिच्या हॉलमध्ये दोघी महालक्ष्म्या उभ्या आहेत. शेजारी साधना, नात कडेवर. मुखवट्यांना पॉलिश केलेले दिसत नाही.
खाली लिहिले होते, बाबा, पुरणपोळीला तरी यायचं होतं. उत्तर पाठवले: जमुनाची प्रकृती.
मी पिठले केले. जमुनाला गूळ दिला. तिने गूळ खाल्ला आणि पुन्हा खांबाकडे गेली.

६ सप्टेंबर
पहाटे जमुना दावे तोडून गेली. बसस्टँडपर्यंत पाहिले. शेवटी पुंजाजीच्या आवारात सापडली.
तिथली अवस्था लिहितो. दाराशी शेणाचा ढीग. मागे डबके. दोन म्हशी. तेल नाही, कापड नाही, पंखा नाही. चिंचेखाली पुंजाजीची म्हातारी पांढरी घोडी आणि जमुना. एकीचे तोंड पूर्वेला, दुसरीचे पश्चिमेला, अंगाला अंग लावून. एकमेकींचे तोंड पाहत नाहीत. पटत नसावे.
पुंजाजी म्हणाला, राहू द्या न साहेब, लग्नसराई नाही, माहीवालीबी एकटीच उभी राह्यते. म्हटले, तुमच्याकडे माश्या फार आहेत. तो म्हणाला, माश्या तं साऱ्याइच्याच घरी हायेत.
ओढत आणली. रस्त्यात तीनदा मागे वळली. सवय मोडायला वेळ लागतो.

७ सप्टेंबर
नवी योजना. पहाटे व सायंकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. दुपारी ओल्या फडक्याने पुसणे. मानेला पातळ तेल (पातळ). मी स्वतः गोठ्यात खुर्ची टाकून बसणार, टॉवेलने माश्या हाकणार. सहवासाचा प्रश्न निघालाच तर तोही यात सुटतो.

८ सप्टेंबर
टॉवेल हलवला की जमुना बिचकते. न हलवता बसलो. धुराने दोघांच्या डोळ्यांतून पाणी आले.
तिच्याशी थोडे बोललो. धरणाबद्दल.

९ सप्टेंबर
खांब पडला. सागाचा. पंखा त्यालाच बांधलेला होता, तोही गेला. जमुना सुखरूप. मानेला रक्त.

१० सप्टेंबर
जमुनाला पुंजाजीकडे नेऊन ठेवले. तात्पुरते. खांब उभा होईपर्यंत.
पुंजाजी पुढे आला. दोर माझ्या हातून घेतला. न बांधताच सोडून दिली. ती सरळ चिंचेखाली गेली.

१७ सप्टेंबर
पाहायला गेलो. जखमेवर खपली धरली आहे. आयाळीत बारीक केस उगवले आहेत.
दोघी तशाच उभ्या होत्या, उलट्या तोंडांनी. आज बराच वेळ पाहिले, काम नव्हते. जमुनाची शेपटी म्हातारीच्या डोळ्यांवरून फिरत होती. म्हातारीची जमुनाच्या. तोंडावर माशी बसली तर घोड्याची स्वतःची शेपटी तिथे पोचत नाही.
मधूनच जमुनाने मान लांब करून म्हातारीचा खांदा दातांनी खाजवला. तिनेही खाजवला.
भांडण नव्हते.
मी हाक मारली. जमुनाने एक कान हलवला.

२१ सप्टेंबर
साधनाचा फोन. घोडी कशी हाय, असे विचारले. म्हटले, खाज चालूच आहे, उलट वाढली, या स्थितीत सोडून निघता येत नाही.
ती म्हणाली, बरं.
मग म्हणाली, पुंजाजीच्या सुनेनं फोटो धाडला मले, चिंचीखाली दोघी उभ्या. छान दिसते तुमची जमुना. केस आले वाट्टे.
पलीकडे नात रडत होती. कोणीतरी खुळखुळा वाजवत होते.
साधना म्हणाली, हॉलमधली खाट तुमच्यासाठी रिकामीच ठेवली हाय. पावण्याले बी नाही देल्ली. मग म्हणाली, पोरगी रडते, ठेवते.

२२ सप्टेंबर
सकाळी अकोल्याच्या एसटीची वेळ विचारून आलो. भरपूर गाड्या आहेत. घाई नाही.
निघण्यापूर्वी गोठ्याचा खांब उभा करणे आवश्यक आहे. घोडी नाही, पण खांब हवा.
भांडेवाली आली होती. उरलेल्या दोन साड्या दिल्या. हिरवीही दिली, धुतलेली. तिने हिरवीचा वास घेतला आणि परत केली. दोन साड्यांची एक चाळणी मिळाली. चाळणी चांगली आहे. अकोल्यात आहे की नाही, साधनाला विचारावे लागेल.
संध्याकाळ. ओट्यावर बसून लिहितो आहे. गालावर माशी बसली. उडवली. दुसऱ्या गालावर बसली. एका हातात वही आहे, एका हातात पेन.